कोडखाली पत्ता लिहा की ओ

गेल्या महिन्यात एका दाखल्यासाठी एका कार्यालयात गेलो होतो, कुठलं ते सांगत नाही, सोलापुरात चार कार्यालयांच्या पायऱ्या झिजवलेल्या कुणालाही ते आपलंच वाटेल. खिडकीशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवलेला, मधोमध वीतभर क्यूआर कोड आणि वर एक ओळ, "आवश्यक कागदपत्रांच्या यादीसाठी स्कॅन करा". बास. यादी नाही, फोन नंबर नाही, काही नाही. माझ्यापुढं एक आजी उभ्या होत्या, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुठल्यातरी गावाहून सकाळच्या एसटीनं आलेल्या, हातात बटनांचा फोन आणि पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कागदं. मला म्हणाल्या, "बाबा, काय लिवलंय रे त्यात?" आता त्यात काय लिहिलंय हे मला तरी डोळ्यांनी कुठं दिसतंय, मी फोन काढला, स्कॅन केलं, तर गुगल ड्राइव्हचं पान उघडलं आणि त्यावर आलं की ही फाइल बघायची तुम्हाला परवानगी नाही, परवानगी मागा. यादी बघायला परवानगी! खिडकीतल्या साहेबांना म्हटलं, "साहेब, हे उघडंना झालंय." त्यांनी स्वतःचा फोन काढून दाखवला, "उघडतंय की, हे काय." त्यांच्यात उघडणारच ना, फाइल त्यांच्याच खात्यातली.

आजींना शेवटी बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडं घेऊन गेलो. त्याच्या टपरीवर पुठ्ठ्यावर स्केचपेननं सगळी यादी लिहून लावलेली. रेशन कार्ड, आधार, लाइट बिल, दोन फोटो, अर्जावर पाच रुपयाचं तिकीट नको आता, असं पण लिहिलेलं. आजींना वाचता येत नव्हतं तर शेजारी उभ्या कॉलेजच्या पोरीनं वाचून दाखवलं. दोन मिनिटांत काम.

आता मी काय कोडच्या विरोधातला माणूस नाही. उलट माझं पोट त्यावरच आहे. सोलापूरच्या पूर्व भागात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं, फ्लेक्सची डिझाइनं, आणि गेल्या पाचसहा वर्षांत आठवड्यातून चारपाच गिऱ्हाईकं तरी असतात जी म्हणतात "एक कोड टाका की कोपऱ्यात". हॉलचं लोकेशन, क्लासची माहिती, मंडळाचा जमाखर्च, हॉटेलचं मेन्यू कार्ड, कशाचाही कोड. टाकतो मी. पण टाकता टाकता एक गोष्ट डोक्यात पक्की बसत गेली, की ज्या कोडवर चार लोकांचं काम अडू शकतं, म्हणजे सार्वजनिक जागी लावलेला, मग तो कार्यालयाचा असो, ट्रस्टचा असो, शाळेचा असो, त्याच्याखाली तो कुठं नेणार आहे तो पत्ता माणसाला वाचता येईल अशा अक्षरात छापलाच पाहिजे आणि तो पत्ता लावणाऱ्याच्या स्वतःच्या मालकीचा पाहिजे. आणि मुख्य माहिती कागदावरच पाहिजे, कोड फक्त जास्तीच्यासाठी. हे ऐच्छिक ठेवून चालणार नाही, नियमच पाहिजे असं माझं मत झालंय. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

सोलापूरकराला क्यूआर कोड समजावून सांगायला खरं तर फार बोलावं लागत नाही, आपल्याकडं घराघरात त्याचा चुलता होता. माझे वडील एका चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, होते, आणि लहानपणी सुट्टीत मी डबा घेऊन जायचो तेव्हा मागाच्या वर जकार्डच्या कार्डांची ती माळ फिरताना बघत बसायचो. आधी डिझाइनवाला ग्राफ पेपरवर बसून बारीक बारीक चौकोन रंगवणार, मोर असो, फुलं असोत, कुणाचं नाव असो, एकेक चौकोन म्हणजे ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्याची एकेक चाल. मग त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडायची, भोक असेल तर सुई आत जाते आणि धागा वर उचलला जातो, भोक नसेल तर खाली राहतो. सगळी कार्डं दोरीनं एकमेकांना शिवलेली, खडखड खडखड करत एकेक पुढं सरकतंय आणि खाली चादरीवर मोराची मान तयार होतीय. जकार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं हे १८०४ च्या सुमारास जमवलं. भोक आहे किंवा नाही, चौकोन काळा आहे किंवा पांढरा, हिशोब तोच. मला क्यूआर कोड पहिल्यांदा दिसला तेव्हा हा कुठल्यातरी चादरीचा ग्राफ आहे असंच वाटलं होतं, खोटं नाही सांगत.

आणि गंमत म्हणजे हा कोड जन्माला आला तोसुद्धा कारखान्यातच. जपानमध्ये डेन्सो म्हणून मोटारीचे पार्ट बनवणारी कंपनी, तिथं पार्टच्या खोक्यांवर साधे उभ्या रेघांचे बारकोड असायचे, एकात जेमतेम वीसेक अक्षरं मावायची म्हणून एकेका खोक्यावर आठ आठ दहा दहा लावायचे आणि कामगार दिवसभर टीक टीक करत बसायचे. मासाहिरो हारा नावाच्या इंजिनियरनं १९९४ साली यावर तोड काढली, चौकोनी कोड. दुपारच्या सुट्टीत तो गो नावाचा पटावरचा खेळ खेळायचा, काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा, त्यावरून सुचलं म्हणतात. पण मला त्यातली आवडलेली गोष्ट दुसरीच आहे. कोडच्या तीन कोपऱ्यांत ते मोठे चौकोन असतात ना, ज्यावरून मशिनला कळतं की इथं कोड आहे, ते चौकोन दुसऱ्या कुठल्या छपाईशी गल्लत होऊ नयेत म्हणून त्याच्या टीमनं हँडबिलं, मासिकं, खोकी, सगळं छापील साहित्य गोळा करून त्यातलं काळ्यापांढऱ्याचं प्रमाण मोजत बसायचं काम केलं, आणि छपाईत सगळ्यात कमी सापडणारं प्रमाण काढलं, एकास एकास तीनास एकास एक, म्हणजे काळं एक, पांढरं एक, काळं तीन, पांढरं एक, काळं एक. त्या चौकोनाच्या मधून कुठल्याही दिशेनं रेघ मारली तरी हेच प्रमाण येतं, म्हणून तो कोड कसाही धरा, उलटा धरा, आडवा धरा, वाचला जातो. छपाईच्या धंद्यातल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं, आपल्या रद्दीचा कुणीतरी अभ्यास केला.

दुसरी महत्त्वाची गोष्ट, पेटंट घेऊनसुद्धा त्या कंपनीनं ठरलेल्या नमुन्यातला कोड वापरायला कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत असं जाहीर केलं, पुढं २००० साली त्याचा आंतरराष्ट्रीय नमुना पण ठरला. म्हणजे आज तुम्ही आम्ही कोड बनवतो तो फुकट आहे, कायमचा फुकट. हे लक्षात ठेवा, कारण पुढं जो सगळा घोळ होतो तो इथंच होतो, ज्यानं शोध लावला त्यानं पैसे घेतले नाहीत पण मधल्या मध्ये दलाल बसलेत.

घोळ कसा ते माझ्यावरच आलेल्या प्रसंगावरून सांगतो. चार वर्षांपूर्वी एका ट्रस्टची अन्नदानाची पुस्तिका माझ्याकडं होती, हजार प्रती, मागच्या पानावर त्यांच्या देणगीदारांच्या यादीच्या पानाचा कोड टाकायचा होता. घाईचं काम, मी गुगलवर क्यूआर कोड फ्री असं टाकलं, पहिली जी साइट आली तिच्यावर लिंक टाकली, छान गोल गोल ठिपक्यांचा कोड मिळाला, डाउनलोड केला, छापून दिला. चौदा दिवस बिनतक्रार चालला. पंधराव्या दिवशी ट्रस्टच्या सेक्रेटरींचा फोन, "अहो तुमचा कोड स्कॅन केला की इंग्लिशमध्ये काहीतरी पैसे भरा म्हणून येतंय, लोकं आम्हाला विचारलालेत की देणगी कुणाला मागताय म्हणून." बघतो तर खरंच, तुमची ट्रायल संपली, हा कोड चालू ठेवायचा असेल तर महिन्याला इतके डॉलर. हजार पुस्तिका वाटून झालेल्या. साठ रुपये डझनाचे स्टिकर छापून जेवढ्या शिल्लक होत्या तेवढ्यांवर मी स्वतः बसून चिकटवले, बाकीच्या गेल्या त्या गेल्याच.

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की कोडमध्ये दोन जाती असतात. साध्या कोडात, ज्याला स्टॅटिक म्हणतात, तुमच्या पानाचा पत्ता सरळ त्या चौकोनांत लिहिलेला असतो, तो जगातल्या कुठल्याही कंपनीला विचारून चालत नाही, तुमचं पान आहे तोवर तो आहे. दुसरी जात डायनॅमिक, त्यात तुमचा पत्ता नसतोच, त्या कोड बनवणाऱ्या कंपनीचा एक छोटा पत्ता असतो, स्कॅन केला की आधी त्यांच्या दारात जायचं आणि तिथून ते तुमच्या दारात पाठवणार. पाठवलं तर. भाषा जॉबरच्या पोराची वापरायची तर, चादर तुमची, माग तुमचा, पण जकार्डची कार्डं शेजाऱ्याच्या कुलपात. त्यानं भाडं वाढवलं की तुमचा मोर मानेपर्यंतच विणून होणार.

यावर लोक म्हणतात की मोठ्या कंपनीचं घ्यायचं, फडतूस साइट कशाला वापरायची. बरं, गुगलपेक्षा मोठं कोण? गुगलची लिंक छोटी करून द्यायची सेवा होती, गू डॉट जीएल, भरपूर लोकांनी त्या छोट्या लिंका छापल्या, कोडमध्ये घातल्या. २०१९ ला नवीन लिंका बंद केल्या, २०२४ ला जाहीर केलं की जुन्यासुद्धा २५ ऑगस्ट २०२५ नंतर चालणार नाहीत, ओरड झाली तेव्हा शेवटच्या महिन्यात म्हणाले बरं ज्या वापरात आहेत त्या चालू ठेवतो. ठेवलं हे चांगलंच केलं, पण निर्णय कुणाच्या हातात होता बघा, ज्यानं पुस्तकात छापलंय त्याच्या हातात नव्हता.

आणि स्वतःचा पत्ता असूनही सांभाळला नाही तर काय होतं त्याचं उदाहरण जर्मनीतलं आहे, २०१५ चं. हाइंझच्या केचपच्या बाटलीवर एका स्पर्धेचा कोड होता, स्पर्धा संपली, कंपनीनं त्या वेबसाइटचं नाव पुढं रिन्यू केलं नाही, ते नाव दुसऱ्यानंच उचललं आणि एका गिऱ्हाइकानं घरी जेवताना बाटली स्कॅन केली तर भलतीच, घरात सगळ्यांसमोर उघडू नये अशी साइट उघडली. कंपनीला माफी मागावी लागली. आपल्याकडं एखाद्या शाळेच्या स्मरणिकेवर, किंवा देवस्थानच्या पत्रिकेवर हे झालं तर? हसू नका, वेबसाइटचं नाव वर्षाला हजाराच्या आसपास पैसे भरून चालू ठेवायचं असतं आणि आपल्या संस्थांमध्ये ते कुणी भरायचं हे कमिटी बदलली की विसरलं जातं. मागच्या सेक्रेटरीच्या भाच्यानं बनवलेली वेबसाइट आणि पासवर्ड भाच्याकडं, भाचा पुण्याला. ही गोष्ट मी किमान सहा ठिकाणी ऐकलीय.

म्हणून म्हणतो पत्ता खाली लिहा. लिहिलेला असला तर कोड मेला तरी माणूस टाइप करून जाईल, नाहीतर निदान फोन करून विचारेल की हे पान कुठं गेलं. अक्षरं मळतात, फाटतात, तरी वाचता येतात. कोडची पण फाटका वाचायची ताकद चांगली आहे म्हणा, बनवताना चार पातळ्या असतात, सगळ्यात वरच्या पातळीला साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचतो, पण कोडनं स्वतः शाबूत राहून उपयोग काय, पलीकडचं पान मेलं असेल तर.

आता फसवणुकीचा मुद्दा. पेमेंटच्या कोडवर दुसऱ्याचा स्टिकर मारायचे प्रकार आपण ऐकतोच, पण तिथं निदान पैसे पाठवण्याआधी नाव दिसतं. वेब पानाच्या कोडवर कुणी स्टिकर मारला तर उघड्या डोळ्यांनी कळायचा मार्गच नाही, कारण सगळे कोड माणसाला सारखेच दिसतात, मुंग्या सांडल्यासारखे. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात २०२२ च्या सुरुवातीला पार्किंगच्या मशिनवर असे खोटे कोड चिकटवलेले सापडले होते, लोक स्कॅन करायचे, हुबेहूब पान यायचं, कार्डाचा नंबर टाकायचे आणि गेले पैसे. आपल्या सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर किती गर्दी असते, जानेवारीत अक्षता सोहळ्याला नंदीध्वज बघायला किती लांबून माणसं येतात, तिथं एखाद्या खांबावर "यात्रेची माहिती" म्हणून कोड लावला आणि कुणी रात्री त्यावर दुसरा चिकटवला तर सकाळी कोण ओळखणार आहे? पण खाली ठळक अक्षरात लिहिलं असेल की हा कोड सोलापूर डॉट गव्ह डॉट इन या पत्त्यावर नेतो, तर फोनवर स्कॅन केल्यावर आधी जो पत्ता दिसतो तो आणि हा पत्ता जुळतोय का एवढं बघायला दहावीची परीक्षा द्यायची गरज नाही. सरकारी कार्यालयांना तर गव्ह डॉट इनचा पत्ता मिळतो, तो बाहेरच्या कुणालाही मिळत नाही, एवढी भारी गोष्ट हातात असून आपली कार्यालयं कुणाच्यातरी वैयक्तिक जीमेलच्या ड्राइव्हवर फाइल ठेवतात आणि साहेबांची बदली झाली की परवानगी मागा.

इंग्रजी पत्ता लोकांना वाचता येत नाही हा आक्षेप मला एकानं घेतला होता, तो बरोबर आहे. पण २०१४ पासून डॉट भारत म्हणून देवनागरीत पत्ता घेता येतो, मराठीत लिहायचा, मराठीत वाचायचा. घेत कुणी नाही ही गोष्ट वेगळी, माझ्या दुकानात आजवर एकाही गिऱ्हाइकानं मागितला नाही आणि मी सुचवला की "नको ओ, जरा गावठी वाटतंय" म्हणतात.

कोडचं चांगलं वापरणं कसं असतं हेही आपल्याच जिल्ह्यातनं बघायचं असेल तर माढा तालुक्यातल्या परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा आठवा. रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला कोड जोडले, कवितेचा आवाज, व्हिडिओ, स्वाध्याय त्यात दिले, पुढं राज्यानं ते सगळ्या पुस्तकांत आणलं, नंतर केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीनं पण कोडची वाट धरली, आणि २०२० ला गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा, त्यातले निम्मे त्यांनी बाकीच्या नऊ जणांत वाटून टाकले. पुरस्काराचं कौतुक सगळ्यांनी केलं, पण त्या पुस्तकाकडं जरा नीट बघा. कोड कवितेच्या शेजारी आहे, कवितेच्या जागी नाही. ज्या पोराच्या घरी फोन नाही, किंवा आहे पण बाप रानात घेऊन गेलाय, त्या पोराला कविता पुस्तकात आहेच, कोडनं त्याला वर आणखी काहीतरी मिळतं. आमच्या त्या कार्यालयानं काय केलं तर कविताच काढून टाकली आणि कोड ठेवला.

दुसरं उदाहरण बिल्डर लोकांच्या जाहिरातींचं. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेरानं, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, आपल्या राज्यात प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला, नाही टाकला तर ५० हजारांपर्यंत दंड. तो कोड महारेराच्या स्वतःच्या साइटवर त्या प्रकल्पाच्या पानावर नेतो. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचं हँडबिल करताना मला ते टाकावंच लागतं आणि मी आनंदानं टाकतो, कारण त्याच्या आधीपासून २०१६ च्या रेरा कायद्यात कलम ११ मध्येच लिहिलंय की जाहिरातीत प्राधिकरणाच्या वेबसाइटचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक ठळक दिसला पाहिजे. म्हणजे पत्ता अक्षरात आहे, नंबर अक्षरात आहे, आणि कोड वर आहे. मी जे मागतोय ते एका धंद्याला कायद्यानं लागू आहेच, बिल्डरला जमतं तर तहसीलला, दवाखान्याला, शाळेला का जमू नये एवढाच माझा प्रश्न आहे. दोन ओळींचं परिपत्रक निघालं तरी पुरे.

डायनॅमिकच्या बाजूनं बोलणारे हुशार लोक आहेत, त्यांचं पण ऐकतो मी. त्यांचा मुद्दा असा की छापून झाल्यावर लिंक बदलायची असेल तर साधा कोड काय कामाचा, शिवाय किती जणांनी स्कॅन केलं ते कळतं. बदलायची सोय पाहिजे हे शंभर टक्के मान्य, माझा त्या पुस्तिकेचा अनुभव घ्या, ती सोय माझ्या हातात असती तर स्टिकर चिकटवत बसलो नसतो. पण ती सोय स्वतःच्या पत्त्यावर मिळते की. आपल्या वेबसाइटवर एक छोटं पान करायचं, समजा तुमचा पत्ता आणि पुढं तिरकी रेघ देऊन यादी, कोडात कायम तेवढंच घालायचं, मग त्या पानावरून पुढं कुठं पाठवायचं ते हवं तेव्हा बदला. वेबसाइटवाल्याचं पाच मिनिटांचं काम आहे. स्कॅन किती झाले ते पण तुमच्याच साइटवर मोजता येतं, वर्षाला काही हजार भरून दुसऱ्याच्या वहीत मोजायला लावायची गरज नाही.

आणि छोट्या पत्त्याचा एक फायदा असा आहे जो फक्त छापणाऱ्यालाच कळतो. कोडमध्ये जितकी अक्षरं जास्त तितके चौकोन जास्त. पंचवीस अक्षरांचा पत्ता असेल तर, फाटका वाचायच्या त्या चार पातळ्यांतल्या खालून दुसऱ्या पातळीवर, २५ गुणिले २५ चौकोनांत बसतो, आणि लोक जी मॅपची किंवा ड्राइव्हची दोनशे अक्षरांची शेपटी पाठवतात तिला ५७ गुणिले ५७ लागतात. आता लग्नपत्रिकेवर कोडला जागा किती देता, २ सेंटीमीटर. पहिल्यात एकेक चौकोन ०.८ मिलिमीटरचा, दुसऱ्यात ०.३५ चा. खडबडीत हँडमेड कागदावर ०.३५ चा चौकोन शाई पसरून शेजाऱ्याच्या गळ्यात पडतो आणि मग नवऱ्या मुलाचे मामा हॉलच्या गेटवर उभं राहून मला फोन करतात. त्यात पुन्हा लोक कोड व्हॉट्सअॅपवरून जेपीजी पाठवणार, तोही फॉरवर्ड झालेला, धुक्यातला. मोठा केला तरी फुटणार नाही असा, एसव्हीजी किंवा पीडीएफमध्ये द्या म्हटलं की "म्हणजे काय ओ". क्रोममध्येच पान उघडून शेअर करा म्हटलं की कोड बनवून मिळतो, फुकट, साधा, पान आहे तोवर न मरणारा, हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही, फुकट आहे म्हणजे खराब असणार.

सोलापुरी उन्हाचं तर बोलूच नका, मे महिन्यात पारा ४३-४४ ला गेला की चौकातला फ्लेक्स दोन महिन्यांत विटतो, आणि त्यात हौसेनं भगव्यावर पिवळा कोड, मधोमध साहेबांचा हसरा फोटो. फोटोनं मधला भाग खाल्ला, उन्हानं बाकीचा. सभोवती चार चौकोनांएवढी पांढरी जागा सोडावी लागते हे तर कुणी ऐकतच नाही, "जागा वाया चाललीय" म्हणतात. आणि दहा फुटांवरून स्कॅन व्हायचा असेल तर कोड साधारण फूटभर पाहिजे, एकास दहा असा आमचा ढोबळ हिशोब, पण फ्लेक्सवर सतरा फोटो बसवून झाल्यावर कोडला उरते ती काडेपेटीएवढी जागा, तीही वीस फूट उंचीवर. तो कोड नक्की कुणी स्कॅन करायचा असतो, कावळ्यांनी?

एक गोष्ट मात्र मी प्रामाणिकपणे कबूल करतो, कोडचा एक फायदा असा आहे की ज्याला माझ्याकडं उत्तर नाही. आपलं गाव चार भाषांचं. एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू. एका ए-फोर कागदावर चारी भाषांत यादी बसवायची म्हणजे अक्षर मुंगीएवढं करावं लागतं, मी करून बघितलंय. तिथं कोड खरंच कामाचा, स्कॅन करा, आपापली भाषा निवडा, मोठ्या अक्षरात वाचा, ज्याला दिसत नाही त्याला फोन वाचून दाखवेल. हे कुणी करत असेल तर मी स्वतः फुकट छापून देईन. पण तरी मराठीतली चार ओळींची यादी कागदावर ठेवूनच, कारण लाइट गेली, रेंज गेली, रिचार्ज संपला, फोन पोराकडं राहिला, ही आपली रोजची आयुष्यं आहेत आणि खिडकी दुपारी दीडला बंद होते.

परवा त्याच कार्यालयात दाखला आणायला परत गेलो. कोड अजून तसाच, परवानगी अजून मागायचीच. बाहेर झेरॉक्सवाल्यानं मला ओळखलं, म्हणाला, "सर तुमचं डीटीपीचं दुकान आहे न्हवं, ही माझी यादी पावसानं भिजून गेलीय, जरा चांगली टाइप करून लॅमिनेशन करून द्या की." दिली. मराठीत वर, खाली तेलुगूत, मोठा टाइप, कागदपत्रं सात, शेवटी खिडकीची वेळ. त्यानं हातात घेऊन खूश होऊन बघितली, मग खालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "इथं एक कोड टाकला असता तर बरं झालं असतं ओ."

"कशाचा?"

"झेरॉक्सच्या पैशाचा की."